ईश्वरदासच्या नाकातला प्लेग

सक्करदऱ्यात दोन महिने एक कुजबुज फिरत होती. ईश्वरदास पौनीकरच्या नाकात शंभर वर्षांपूर्वीचे प्लेगचे जंतू शिरले! सीताबर्डीच्या वाचनालयात जुन्या पेपरांत दबा धरून बसले होते म्हणे. यानं पान उलटलं, सटकन शिंकला, आणि तेव्हापासून वाचा बसली. धंतोलीच्या एका मोठ्या डॉक्टरनंही हात टेकले, असं छातीवर हात ठेवून सांगणारे भेटले. डॉक्टरचं नाव मात्र प्रत्येकाचं वेगळं.

ज्यांनी ईश्वरदासला बोलताना ऐकलंय, त्यांनाच यातली गंमत कळेल. छत्तीस वर्षं हा माणूस मीटर रीडर म्हणून लोकांच्या जिन्याखाली डोकावत राहिला. कुणाकडे किती युनिट जळतात, यापेक्षा कुणाकडे कोण येऊन बसलंय याचं रीडिंग पक्कं. रिटायर झाला, डोकावायला जागा उरली नाही, तेव्हा गडी थेट मेलेल्यांच्या घरात शिरला. करोना ओसरल्यावर त्यानं ठरवलं, आपल्या कोष्टी समाजानं प्लेगात काय केलं ते जुन्या साप्ताहिकांतून शोधायचं.

बाडांवर बोटभर धूळ, म्हणून वाचनालयातल्या वंदना मॅडम त्याला मास्क आणि हातमोजे देत. हा ते घालूनच ऑटोतून घरी येई. संशोधन चाललंय हे रस्त्यालाही कळायला नको?

आता खरं बोलायचं, तर त्यानं शोधलं ते नुसतं टाकाऊ नव्हतं. त्या काळी सरकारी पथक रोग्याला उचलून गावाबाहेरच्या छावणीत नेई. म्हणून घरचे त्याला हातमागाच्या खड्ड्यात निजवत, आणि त्याचं कण्हणं बाहेर जाऊ नये म्हणून वर बसून खटाखट माग हाणत. एवढंच सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. पण ईश्वरदासनं ते चहाच्या टपरीवर नावांसकट सांगितलं. शेजारच्या कौसल्या निपानेच्या आजेसासऱ्यानं म्हणे आईला खड्ड्यात ठेवलं आणि स्वतः पळून उमरेड गाठलं!

त्याचा हिशेब चुकता करावा लागला त्याच्या बायकोला, सखूबाईला. कौसल्या आणि ती तीस वर्षांच्या मैत्रिणी. सखूबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर डबा कौसल्येनं पुरवलेला. तीच कौसल्या एका सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून कडाडली, "कावं सखू, तुह्या नवऱ्याले दुसरे मुडदे नाही भेटले? आमचेच काहून उकरून राहिला?"

"माह्यं ऐकते का वं हा माणूस?"

"रविवारी समाजभवनात भाषण हाय म्हणे त्याचं. तिथं आमचं नाव निघालं, तर तुह्या उंबऱ्यावर पाय नाही ठेवणार मी. सांगून ठेवते."

सखूबाईनं जेवताना विषय काढला. "का जी, नावं गाळा ना तेवढी."

"इतिहास हाय तो! इतिहासाले शेजारी नसते."

"मंग आपल्या घरचं काय लिवलं?"

ईश्वरदासची मान ताठ झाली. "आपलं शेवटी ठेवलं. माहा आजा, महादेव! लस टोचाले आलेल्या गोऱ्या साहेबाले तोंडावर सांगतलं त्यानं, या आळीत तुले सुई टोचाले एक दंड नाही भेटणार. पेपरात त्याचा पुरावा भेटला की झालं."

गुरुवारी पुराव्यासाठी गेलेला ईश्वरदास दुपारीच परतला. मास्क नाही, मोजे नाहीत. खुर्चीत बसला तो बसलाच. चहावर साय धरली.

"भेटला का पुरावा?"

ईश्वरदासनं पिशवी पायाशी ओढून घेतली. शुक्रवारीही खुर्ची सोडली नाही. शनिवारी धुण्याला टाकायला रुमाल शोधताना सखूबाईच्या हाती त्याच्या पिशवीतली एक झेरॉक्स लागली. तिनं चष्मा लावून ती दोनदा वाचली, घडी घालून होती तिथं ठेवली, आणि भिंतीपाशी गेली.

"काहून वं, तुह्या घरचा रेडिओ दोन दिवस बंद हाय?" कौसल्येनं टोमणा मारला. सखूबाई तिच्या कानाशी दोन वाक्यं बोलली. कौसल्या तोंडाला पदर लावून आत पळाली.

रविवारी समाजभवनात पहिल्या दोन रांगा रिकाम्या. मागच्या रांगांत जो तो मास्क लावून. ईश्वरदास उठला, म्हणाला, "प्लेग वाईट होता. माणसं आपलीच होती," आणि बसला. इतकं छोटं भाषण त्या भवनानं कधी ऐकलं नव्हतं. टाळ्या मात्र दणकून पडल्या. शाल त्याला लांबूनच पांघरली, जवळजवळ फेकलीच म्हणा.

सोमवारी कौसल्या पापड लाटायला आली. पदरात कडुनिंबाचा पाला बांधून आली, पण आली.

ईश्वरदासला काहीही झालेलं नव्हतं. त्या झेरॉक्सवर बातमी होती, की लस घेऊ नका म्हणून आळीभर ओरडत फिरणारा महादेव पौनीकर स्वतः पहाटे दवाखान्याच्या मागच्या दारानं जाऊन लस टोचून आला. त्याचं ऐकून थांबलेले नऊजण वारले. हे झाकायला जंतूंची गोष्ट सखूबाईनं रचली होती.