अर्घ्य देणारं इंजिन

यंत्र बिघडत नाही, आजारी पडतं, यावर देवापेक्षाही जास्त विश्वास असलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच असेल, आणि ते माझे थोरले मामा आहेत. सातपूरच्या कारखान्यात ते फिटर होते. मिक्सर असो की पिठाची गिरणी, आधी पालथा हात लावून ताप बघणार. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तो त्यांच्याच खोलीवर राहून झालो. "उघडलेलं काम तसंच टाकून उठायचं नाय," हा त्या खोलीचा कायदा होता. परीक्षेच्या दिवसांत ते माझ्याही कपाळाला हात लावायचे आणि म्हणायचे, "लय तापलं नाय. चालू दे."

निवृत्तीनंतर मामा इगतपुरीकडे धरणाकाठच्या आपल्या गावी गेले. पलीकडच्या काठावरच्या वाडीत माझी बहीण मंदा दिलेली. पावसात वाहून गेलेला तिकडचा रस्ता दिवाळीपर्यंत काही नीट होत नाही, म्हणून गावाने मोटरबोट घेतली. बोटीच्या मागे लावलेलं इंजिन थंड राहावं म्हणून खालच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं आणि मागून बारीक धार पडत राहते. बोट चालवणारा किसन त्याला सरळ 'मुतणं' म्हणायचा. मामांना ते खपेना. "अर्घ्य म्हण, गाढवा! अर्घ्य देतंय तोवर यंत्राला धोका नाय."

दसरा झाला आणि इंजिनाच्या जणू अंगातच आलं. हळू चालवलं तर गुणी बाळ. वेग दिला की धार आटायची, इंजिन तापायचं आणि भोंगा बोंबलायचा. तिकडे वाडीत मंदाचे दिवस भरत आलेले आणि दवाखाना अलीकडच्या काठावर.

"हळूहळू आणू की तिला," किसन म्हणाला.

"आण ना. मग बारसं बी बोटीतच घाल!"

मामांनी पाण्याचा पंप उघडला, आतलं रबरी चाक बदललं, पाण्याच्या वाटा तारेने साफ केल्या. इंजिन फार वर बसून हवा ओढतंय असं वाटलं म्हणून ते खाली घेतलं. पुन्हा वेग, पुन्हा भोंगा. जेवायला बोलावलं तर "पेशंट टाकून डॉक्टर जेवतो व्हय?" दर वेळी इंजिन पाण्याबाहेर उचललं की मामा आधी त्याला नमस्कार करत. खंडेनवमीला त्यांनीच पूजा करून त्याच्या पाण्यात बुडणाऱ्या पायाला झेंडूची माळ बांधली होती. खरी कुजते म्हणून प्लॅस्टिकची. देवाची माळ, तिला हात कोण लावणार?

अशाच एका नमस्काराला वाकलेले मामा वाकलेलेच राहिले. माळेतली दोन फुलं पार चपटी झाली होती आणि त्यांच्यावर जाळीच्या रेघा उमटल्या होत्या. हळू चालताना माळ सैल लोंबायची. वेगात जाळीवर घट्ट बसायची.

"मामा," किसन हळूच म्हणाला, "देवानंच तोंड दाबलं म्हणायचं."

"देवानं नाय रे. भक्तानं."

त्यांनी हात जोडून माळ कापली. त्यानंतरच्या फेरीत बोट अशी पळाली की किसनची टोपी पाण्यात गेली, पण धार काही तुटली नाही. त्याच आठवड्यात मंदा त्याच बोटीतून वेळेवर दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. किसन अजून तिला झेंडूबाई म्हणतो.

आता मामांना नीट दिसत नाही. खंडेनवमीला ते इंजिनाला लांबूनच हात जोडतात. मंदा लेकीला घेऊन मामांकडे यायला निघाली की मी नाशिकहून जातो आणि आम्ही दोघे काठावर उभे राहतो. बोट जवळ येते, पोर हात हलवते. मामा मात्र माझं मनगट धरून विचारतात, "धार हाय का रे?"

"आहे, मामा," मी सांगतो. मग ते हात हलवतात. बोटीच्या जरा डावीकडे.