साळवेचं बुटकं टेबल

बातमी आली तेव्हा माझा उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीत होता. जांभूळ गावातल्या एका गोठ्यात रेडकू आडवं आलं होतं आणि मी त्याचा पाय चाचपडत होतो. गोठ्याची मालकीण दारातून ओरडली, “डाक्तर, तुमचा फोन आयलाय! साळवे डाक्तरांच्या घरशी!” मी म्हणालो, “साळवेला म्हणावं, थांब जरा. अर्धा तास लागेल.” बाई गेली नाही. पदर तोंडाशी धरून तिथेच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “नाय थांबलं ते...”

मी हात बाहेर काढला नाही. म्हशीला असल्या गोष्टी सांगता येत नाहीत. पाय सापडला, रेडकू सरळ केलं, ओढलं. ते जमिनीवर पडून शिंकलं तेव्हा गोठ्यातली सगळी माणसं खूश झाली. मग मी बादलीत हात धुवायला बसलो आणि धुतच राहिलो. शेवटी त्या बाईने साबण काढून घेतला.

याला आता दीड महिना होईल. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी साळवेवर लिहा, असं मला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी बोलणारा माणूस नाही. म्हशींच्या डॉक्टरला बोलावं लागत नाही आणि म्हशींचीही त्याबद्दल कधी तक्रार आली नाही. पण एक गोष्ट अशी आहे की ती आता सांगितली नाही, तर माझ्याबरोबरच जाईल. आणि ती गेली तर साळवेच्या नावावर एक चूक कायमची राहील, जी त्याने केलीच नव्हती.

डॉ. मधुकर साळवे आणि मी पशुवैद्यक कॉलेजात एका वर्गात होतो. तो अंबरनाथचा, कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. त्यांच्या चाळीतला पहिला डॉक्टर. त्यामुळे सगळी चाळ आपापले खोकले घेऊन त्याच्या दाराशी यायची आणि हा सांगायचा, “मावशी, चार पाय असतील तर बघतो.” मी बदलापूरचा, शेतकऱ्याच्या घरातला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघांनी मिळून उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये एक गाळा घेतला. एका बाजूला पापडवाला, दुसऱ्या बाजूला जीन्स शिवणाऱ्यांच्या मशिनींची घरघर. वाटणी सरळ होती. मोठी जनावरं माझी, छोटी त्याची. मी दिवसभर गोठे फिरून संध्याकाळी गाळ्यात यायचो. तोवर साळवे पॉमेरियन कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या गराड्यात असायचा.

त्या काळी कुत्र्यामांजरांना दुखतं, हेच मुळात फार कुणाला पटत नसे. हाड मोडलं तर दुखणार, एवढं मान्य होतं. बाकी सगळ्याला “बुढ़ापा है” हे एक उत्तर होतं. मी तर त्याही पुढचा. माझं सगळं शास्त्र एका प्रश्नात मावायचं, “खातंय ना?” खात असेल तर ठीक आहे, चला. म्हशीच्या बाबतीत हे बरंचसं चालून जातं. तिला दुखलं की ती वैरण टाकते, दूध आटतं आणि संध्याकाळच्या धारेला मालकाला कळतं. कुत्रा दूध देत नाही. कुत्रा दुखत असतानाही खातो, शेपूट हलवतो, डॉक्टरच्या टेबलावर चढवला तर घाबरून धडधाकट असल्यासारखा उभा राहतो. आणि मांजर? साळवे म्हणायचा, “मांजराला दुखलं तर ते सगळ्यात शेवटी आपल्याला सांगेल. आपल्यावर त्याचा तेवढा विश्वासच नाही.”

म्हणून त्याने एक वेगळीच पद्धत काढली होती. आलेल्या माणसाला तो ‘काय होतंय’ असं विचारतच नसे. तो विचारायचा, “हल्ली काय करायचं सोडलंय?” आणि केसपेपरवर त्यासाठी आडवी रेघ मारून जागा केली होती. तिथे तो गंभीरपणे लिहायचा... ‘सोफ्यावर उडी मारणे. पोस्टमनवर भुंकणे (फक्त बघतो). पपांची चप्पल पळवणे. अंग चाटून साफ करणे. जिना, दुसऱ्या मजल्यापासून पुढे.’ या यादीवरून तो कंबर आहे, दात आहे की गुडघा आहे ते ओळखायचा आणि मग अंगाला हात लावायचा. कॅम्प तीनच्या एका वाधवानीबाईंनी ही प्रश्नावली पूर्ण ऐकून घेतली. फिरायला जाणं सोडलं का, खेळणं सोडलं का, कुणी आलं तर उठून दारापर्यंत जाणं सोडलं का? बाई म्हणाल्या, “डॉक्टरसाहब, ये सब तो मेरे मिस्टर ने भी छोड़ दिया है.” साळवेने मान वरही न करता सांगितलं, “उनको भी ले आइए. वज़न दोनों का करेंगे.”

औषधं तेव्हा फारशी नव्हती. माणसांचीच, तोलूनमापून द्यायची. कुणी घरातली डोकेदुखीची गोळी मांजराला चारली, असं कळलं की हा शांत माणूस पापडवाल्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडायचा, “अहो, विष आहे ते तिला! तुमचं डोकं दुखलं तर तुम्ही घ्या!” पण त्याचा निम्मा उपचार गोळीत नव्हताच. गुळगुळीत लादीवर गोणपाट टाका, बशी उंचावर ठेवा, कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावा, मिठाई बंद. शेवटची सूचना ऐकून कुत्र्यापेक्षा घरातल्या आजी जास्त विव्हळायच्या.

शिवाय तो घरी जाऊन बघायचा. दवाखान्यात जनावर खोटं बोलतं, असं त्याचं म्हणणं. बदलापूरच्या एका घरात मांजर आजारी होतं. हा स्वच्छ शर्ट घालून गेला आणि चटईवर बसून चाळीस मिनिटं गप्प, एकटक बघत राहिला. घरात लग्नाची मुलगी होती. शेजारणींनी खिडकीतून डोकावून काय समजायचं ते समजून घेतलं. पोहे आले, चहा आला, मुलगी आली. एक शेजारीण दुसरीला म्हणाली, “मुलगा शांत आहे गं. पण मांजराकडेच बघतोय!” मांजर एकाच बाजूने चावत होतं आणि घास सांडत होतं. दाढ किडली होती. साळवेने ती काढली. पुढच्या वर्षी त्याने त्याच घरातल्या मुलीशी लग्न केलं. सुषमावहिनी अजून सांगतात, “पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याकडे बघितलं असेल तर त्या मांजराची शपथ.”

मी या सगळ्याची टिंगल करायचो. म्हणायचो, “साळव्या, तू डॉक्टर नाहीस, तू कुत्र्यांचा कीर्तनकार आहेस.” गाळ्यात चार गिऱ्हाइकं बसलेली असताना मी एकदा एका कुत्र्याच्या यादीत स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘नोकरी शोधणे सोडले.’ सगळे हसले. साळवेही हसला. आणि त्याच आठवड्यात त्याने आपला कुत्रा माझ्याकडे सोपवला.

कुत्र्याचं नाव हवालदार. गावठी, तांबडा, एक कान कायम सलाम केल्यासारखा उभा. साळवेच्या धाकट्या बहिणीचं लग्न अकोल्याला होतं, म्हणून तो सगळं कुटुंब घेऊन दहा दिवस गेला. जाण्याआधी त्याने हवालदारला टेबलावर घेऊन नखशिखांत तपासलं, ठणठणीत आहे म्हणाला आणि माझ्या घरी सोडलं. पहिल्याच दिवशी हवालदार पुढचे पाय पसरून, ताटली पायांच्या मध्ये घेऊन आडवा पडून जेवला. आम्ही घरात हसलो. मी म्हणालो, “नवाब झालाय लेकाचा.” ताटली मात्र लख्ख. खातोय ना? मग झालं.

तिसऱ्या दिवशी मी सहज त्याच्या मानेवर हात ठेवला. कातडीखाली स्नायू असा उडाला की जणू चटका बसला. त्या क्षणी मला कळलं. मान खाली जात नव्हती म्हणून तो आडवा होऊन खात होता. हाक मारली तर मान न वळवता सगळं अंग फिरवून बघत होता. मला शिकलेला डॉक्टर म्हणून कळलं, यात शंका नाही. आणि त्याच संध्याकाळी साळवेचा अकोल्याहून फोन आला. “काय रे, काय सोडलंय त्याने?” मी म्हणालो, “काही नाही. सगळं ठीक. तू जेव पोटभर.”

का असं म्हणालो, ते मी कितीतरी वर्षं स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं आहे. तो बहिणीचं लग्न सोडून धावत आला असता, हे एक. ते खोटं नाही. पण खरं कारण एवढंच होतं की ज्या यादीवर मी गावभर हसलो, ती मलाच त्याला वाचून दाखवावी लागली असती. आणि याहून वाईट सांगतो. मी हवालदारला औषधही दिलं नाही. औषध दिलं असतं तर कशासाठी दिलं ते सांगावं लागलं असतं ना... रोज वाटायचं, उद्या उतरेल. आठ दिवस तो माझ्या ओटीवर मान ताठ करून बसला होता आणि मी त्याच्यासमोरून म्हशी बघायला जात होतो.

साळवे परत आला. हवालदार उठला, सगळं अंग वळवून त्याच्याकडे गेला, शेपटीचं फक्त टोक हललं. साळवे जमिनीवर बसला. मानेवरून, खांद्यावरून बोटं फिरवली. मग विचारलं, “कधीपासून?”

मी म्हणालो, “काल रात्रीपर्यंत एकदम ठीक होता.”

त्याने पुन्हा बोटं फिरवली. “नाही देसले, खांद्याचं मांस उतरलंय. हे एका रात्रीचं नाही.” जरा थांबून म्हणाला, “म्हणजे मी जायच्या आधीपासूनच होतं. मी टेबलावर घेऊन बघितला आणि मला दिसलं नाही.” माझ्यावर संशय घेणं त्याच्या मनातही आलं नाही. समोर दोनच शक्यता होत्या, मित्र खोटं बोलतोय किंवा आपण चुकलो. त्याने दुसरी उचलली.

हवालदार बरा झाला. औषध, विश्रांती, उलट्या घमेल्यावर ठेवलेली ताटली... पुढे तीन-चार वर्षं मजेत जगला. मला बघितलं की आनंदाने अंगावर यायचा. त्याने एकदा चावायला हवं होतं.

साळवेने मात्र दोन गोष्टी केल्या. एक, सुताराला बोलावून तपासायचं टेबल गुडघ्याच्या खाली येईल एवढं कापून घेतलं. “उंचावर कुत्रा खोटं बोलतो, म्हणून मला कळलं नाही,” असं त्याचं निदान. सुताराने विचारलं, “डॉक्टर, टेबल चांगलं सागवानी आहे. तुम्हीच खाली बसलात तर नाही का चालणार?” साळवे म्हणाला, “मी बसणारच आहे. टेबलालाही बसवा.” दुसरं म्हणजे, येणाऱ्या प्रत्येकाला तो ही गोष्ट सांगू लागला. मराठीत, हिंदीत, मोडक्यातोडक्या सिंधीत. “माझ्या घरच्या कुत्र्याचं मलाच कळलं नाही, तर तुम्ही कशाला लाजता? उशीर झाला असेल तर झाला. खरं सांगा.” आणि लोक खरं सांगायचे. सहा महिन्यांपासून लंगडतोय, आम्ही दुर्लक्ष केलं, असं रडून सांगायचे. माझ्या खोटेपणावर त्याने कितीतरी जनावरांची दुखणी कमी केली. मी बाजूच्या खुर्चीत बसून ती गोष्ट शेकडो वेळा ऐकली. दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग एखादी म्हैस अडायची.

तो गेला त्या दिवशी सकाळी गाळ्यात एका लठ्ठ लॅब्रेडॉरच्या मालकाला जिलेबीवरून झापत होता. वाक्य अर्धं राहिलं. आधी काही लक्षण नव्हतं का, असं मला लोक विचारतात. नव्हतं. त्याने काहीच सोडलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर, लोक पांगल्यावर, मी सुषमावहिनींना सगळं सांगितलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं राहून, एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, जाऊ द्या म्हणतील. त्या म्हणाल्या, “भाऊजी, हे त्यांना सांगायचं होतं. मला सांगून काय? मी आता चिठ्ठी पाठवू का?” मग डोळे पुसून म्हणाल्या, “अख्ख्या उल्हासनगरला त्यांनी स्वतःची चूक म्हणून सांगितलंय ते. आता तुम्ही अख्ख्या उल्हासनगरला सांगा.”

म्हणून हे लिहिलं. पण सगळं उल्हासनगर मराठी पुरवणी वाचत नाही.

गेल्या आठवड्यापासून गाळा मी उघडतो. शेजारचा पापडवाला सुचवून गेला की टेबलाला लोखंडी पाय लावून घ्या, डॉक्टर, तुमचे गुडघे जातील. गेले तर जातील. सोमवारी एक सिंधी म्हातारी आपला पांढरा, केसाळ कुत्रा घेऊन आली. मी पूर्वीच्या सवयीने उभ्याउभ्याच विचारलं, “खाता है ना?” तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “आप बड़े डॉक्टरसाहब के दोस्त हो ना? वो तो नीचे बैठते थे. उनसे एक बार अपने ही कुत्ते में ग़लती हो गई थी, बेचारे सबको बताते थे.”

मी म्हणालो, “अम्मा, वो ग़लती उनकी नहीं थी. मेरी थी. मुझे मालूम था, मैंने बताया नहीं.”

बोलून झाल्यावर मशिनींची घरघर एकदम मोठी वाटली. म्हातारीने कुत्र्याचा पट्टा हातात घट्ट गुंडाळला. ती उठून जाईल असं वाटलं. पण तिने वाकून कुत्र्याला त्या बुटक्या टेबलावर ठेवलं.

“तो फिर साईं,” ती म्हणाली, “आज बराबर देखो.”

मी खाली बसलो. पाऊण तास लागला.