सिंगापूर ते नौबाद

आमच्या अक्काचे धाकटे दीर विमानात कधी बसले नाहीत. पण जगातल्या कुठल्याही विमानतळावरून निघालेला माणूस नौबादच्या घरी किती वाजता पोचेल, हे त्यांच्याइतकं अचूक विमान चालवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. बीदरला लागूनच असलेल्या नौबादला त्यांचं बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाईक तुरीचं बियाणं घ्यायला यायचं आणि टोकियो ते लंडन किती तास, हे ऐकूनच सुटायचं. हिशोबाची पद्धतही त्यांची स्वतःची. पायात चप्पल घातल्यापासून घरच्या उंबऱ्यापर्यंत सगळं मोजायचं. बॅगेची वाट बघायला पस्तीस मिनिटं, वाटेत जहिराबादला चहाला दहा. अंतर तेच, मग जाता-येता वेळ वेगळा का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मागून वारं असलं की लवकर येतंय. वर गड्डे न्हाईत, पण वारं हाय की!" ठाणाकुशनूरला लग्नाला निघालो तरी आम्ही त्यांनाच विचारायचो. सांगितलेल्या वेळेत पाच मिनिटांचा फरक पडला, तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी दाजी, म्हणजे अक्काचे मालक, अचानक गेले. एकुलती एक लेक सिंगापूरला. तिला दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान मिळालं. दिवस मावळायच्या आत माती द्यायची, हा दाजींच्या थोरल्या चुलत्यांचा आग्रह. त्यांनी दिरांना विचारलं, "पोरगी कधी पोचतीय?"

"चारला. बॅगेचा वेळ धरला न्हाई. बाप गेल्यावर कोण बॅग भरतंय?"

दुपारी मोबाइल बघता बघता त्यांचा चेहरा पडला. मी शेजारीच होते. विमान दीड तास उशिरा सुटलं होतं. "साडेपाच," ते पुटपुटले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बोलू नको."

चारला चुलते उठले. "कुठवर आली?"

"जहिराबाद सोडलंय. अर्धा तास." गाडी तेव्हा जहिराबादच्या कितीतरी मागं होती, संगारेड्डीलाही पोचली नव्हती. पण शब्द त्यांचा होता, म्हणून उठलेली माणसं पुन्हा बसली. साडेचारला म्हणाले, पंधरा मिनिटं. पाचला चुलत्यांचा आवाज चढला, "ऊन उतरायलंय. आता कामून थांबायचं?"

"बीदरात आली बघा. दहा मिनिटं." अक्का त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. वाटेत एक टायर जरी बसला, तरी सगळं संपलं असतं.

पाच पस्तीसला गाडी दारात आली. लेकीनं बापाचे पाय छातीशी धरले. तिला कुणी घाई केली नाही, चुलत्यांनीसुद्धा नाही. उरलेल्या उजेडात माती दिली.

परतताना चुलते सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझा हिशोब पार चुकला की रे!"

"व्हय, चुकला," असं म्हणून त्यांनी मान खाली घातली.

तेव्हापासून त्यांना कुणी वेळ विचारत नाही. खरं काय ते सांगून टाकते म्हटलं, की हात जोडतात. मला फार वाईट वाटतं. म्हणून दर आठवड्याला मी दुकानात जाते आणि कुठल्या तरी लांबच्या दोन विमानतळांमध्ये किती वेळ लागतो, ते विचारते. ते चष्मा पुसून, मनापासून, मिनिटापर्यंत सांगतात. मला कुठंच जायचं नसतं, हे त्यांनाही ठाऊक आहे.