जिनिंगची मागची भिंत

गावातल्या जुन्या जिनिंगमध्ये आता चर्च भरणार आहे. कापसाच्या गाठी गेल्या, बाकं आली, तरी सरकीचा वास अजून पुरता गेलेला नाही. तिथे स्पीकर कुठे लावायचे, हे ठरवायला मी गेलो होतो.

रिकाम्या जागेत शिरलो की मी आधी टाळी वाजवून बघतो. मागची विटांची भिंत ती जशीच्या तशी परत फेकत होती. म्हणजे प्रवचनात पाळकांचा एक शब्द दुसऱ्यावर चढणार. भिंत फोमने झाकायची, असं मी वहीत लिहूनही टाकलं आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागलो.

झाडणाऱ्या मार्थाबाईंना वाटलं, मी गीताला सुरुवात करतोय. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि टाळ्यांवर गायला लागल्या. खिडक्या पुसणाऱ्या दोघीजणींनी सूर मिळवला. गळे तीनच, तेही थकलेले. पण त्या भिंतीने ते असे परत दिले, की सगळी मंडळी मागे उभी राहून गातेय असं वाटलं.

वहीतली ओळ मी खोडली. स्पीकर खाली, बाकांकडे कलते ठेवले की बोलणं भिंतीपर्यंत फारसं जाणार नाही, हे मार्थाबाईंनाही सांगितलं. आयुष्यभर प्रतिध्वनीवर चिडत आलो. त्याचे आभार मानायची वेळ पहिल्यांदाच आली.

"प्रवचनाचं झालं," मार्थाबाई म्हणाल्या. "आमच्या गाण्याला काय लावणार?"

"ते आधीच लावलेलं आहे, बाई."

त्यांनी भिंतीकडे वळून पाहिलं, आणि हळूच एक टाळी वाजवली.