भावजींचा युरोप, हुणसूरमार्गे

माणसाला फिरायला नेण्याआधीच त्याची फिरायची हौस मुळासकट उपटून टाकणं, ही विद्या साऱ्या म्हैसुरात फक्त आमच्या भावजींना साधली आहे. हे माझं जाहीर मत आहे आणि ते मी कुठल्याही चौकात, ध्वनिक्षेपक असो वा नसो, मांडायला तयार आहे. भावजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात कुठलं काम कुठल्या यंत्रावर कुठल्या तासाला चढवायचं, हे ठरवण्याची त्यांची नोकरी. वीस वर्षं यंत्रांनी त्यांचं मुकाट ऐकलं, त्यामुळं माणसंही ऐकतील असा त्यांचा एक समज होऊन बसला. मी पडले तळी वाचवा, झाडं वाचवा, फुटपाथ परत द्या अशी पत्रकं लिहून दारोदार वाटणारी. मोठमोठ्या साहेबांना मी टेबलाच्या या बाजूनं घाम फोडलाय. पण भावजींपुढं माझी सगळी कलमं गळून पडतात, कारण ते कधी चिडतच नाहीत. ते फक्त वही काढतात.

त्या वर्षी वहीतून निघाला युरोप. मे महिन्यात चौघांनी सोळा दिवस जायचं: रोम, व्हिएन्ना, प्राग आणि पॅरिस. चौघं म्हणजे ते, अक्का, सतरा वर्षांची थोरली आणि चौदा वर्षांचा धाकटा. थोरली बारावी होऊन जूनमध्ये शिकायला दिल्लीला जाणार होती, म्हणून मेच. त्यानंतर चौघांच्या सुट्ट्या एका रेषेत कधी येणार याचा हिशोब त्यांना लागत नव्हता. मी विचारलं, पोरांनी अजून सोमनाथपूरचं देऊळ धड पाहिलेलं नाही, मग रोमचे पडके खांब बघायला एवढा धूर काढत कशाला जायचं? भावजी म्हणाले, "सोमनाथपूर कुठं पळून जातंय?" आणि वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा माझाच प्रश्न, निकाली काढल्याच्या खुणेसह.

जेवणाच्या खोलीत भिंतभर तक्ता लागला. प्रत्येकाला एकेक रंग आणि दिवसाचे पाव पाव तासाचे चौकोन. पॅरिसच्या मनोऱ्याखाली 'वर बघणे' यासाठी एक चौकोन होता, चौघांना मिळून. धाकट्याला भूक कधी लागेल हेही भरलेलं होतं, आणि ती त्याआधी लागली तर ती भूक बेकायदेशीर. पोरांच्या गळ्यात अडकवायला नाव आणि रक्तगट लिहिलेली कार्डं तयार झाली. सकाळी उठवायला शिट्टी आली. सतरा वर्षांच्या मुलीला शिट्टी वाजवून उठवणाऱ्या बापाविरुद्ध कुठल्या कायद्याखाली तक्रार करता येते, हे मी एका वकील मैत्रिणीला खरोखरच विचारलं होतं.

पण खरा छळ तालमींचा. कारखान्यात नवं यंत्र बसलं की माल चढवण्याआधी रिकामं चालवून बघतात, तसं कुटुंबही चालवून बघायचं असतं, हा भावजींचा सिद्धांत. व्हिएन्ना ते प्राग आगगाडीला चार तास लागतात. म्हणून एका रविवारी चौघं चार बॅगा घेऊन सरकारी बसनं सव्वा तासावरच्या हुणसूरला गेले, स्टँडवरच उलट्या बसमध्ये बसून परत आले, आणि चार तास भरले नाहीत म्हणून पुन्हा हुणसूरला गेले. खायला फक्त पाव आणि चीज, कारण गाडीत तेच मिळणार. दुसऱ्या खेपेला तोच कंडक्टर भेटला. त्यानं तिकिटं फाडता फाडता अदबीनं विचारलं, "काही हरवलंय का सर तुमचं?" अक्का सांगते, तेव्हापासून ती त्या मार्गाच्या बसकडं बघत नाही.

दुसरी तालीम चालण्याची. प्रागचे रस्ते दगडी, बॅगांची चाकं अडकतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. आता आमच्या चामराजपुरमातली एक अख्खी गल्ली तेव्हा पाइपांसाठी खणून तशीच टाकलेली होती. म्हातारी माणसं पडत होती. मी दुरुस्तीसाठी दारोदार सह्या गोळा करत होते. भावजी मात्र रोज सकाळी त्याच गल्लीतून पोरांना बॅगा ओढायला लावत होते आणि वर म्हणत होते, "असला रस्ता शोधून मिळणार नाही ग." सहीचा कागद पुढं केला तर त्यांनी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला, दोन ठिकाणी भाषा सुधारली, आणि सांगितलं की मागणी रास्त आहे, पण सही मेनंतर. घरच्याच माणसानं दगा द्यावा. मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाही. त्यांच्या हे लक्षातही आलं नाही, हा अपमान वेगळाच.

मग दसरा आला. दसऱ्यात आमच्या म्हैसुरात घरोघर पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात आणि शेजारपाजारचे लोक त्या बघायला येतात. भावजींनी पायऱ्यांवर युरोप मांडला. खाली रोम, मग व्हिएन्ना, मग प्राग, सगळ्यात वर पुठ्ठ्याचा मनोरा. आमच्या आईनं अक्काला लग्नात दिलेले चंदनी राजाराणी, ज्यांनी आजवर सिंहासनाखेरीज काही पाहिलं नव्हतं, ते रोममध्ये रांगेत उभे केले. राजा म्हणजे भावजी, राणी म्हणजे अक्का. धाकट्यासाठी ढेरपोट्या शेट्टी आणि थोरलीसाठी वीणा घेतलेली मातीची बाहुली. रोज संध्याकाळी सहाला पाहुण्यांच्या हातात उसळीचे द्रोण द्यायचे आणि त्यांच्यासमोर ही चौकडी ठरल्या चौकोनाप्रमाणं पुढं सरकवायची. शिवाय ज्याची बाहुली हलली त्यानं उभं राहून आपण आता काय पाहतो आहोत हे सांगायचं. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी तर रोज येऊन शंका विचारायला सुरुवात केली.

सातव्या दिवशी खोली भरलेली होती. भावजींनी वीणावाली बाहुली व्हिएन्नाच्या राजवाड्यासमोर ठेवली आणि थोरलीकडं पाहिलं. ती उठली, बाहुली उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवून दिली. "अप्पा, माझा युरोप झाला," ती म्हणाली. "सगळा बघितला मी. आता बेडा, नको मला. मी येत नाही." मास्तरांनी उसळ चावायची थांबवली. भावजींनी घड्याळ पाहिलं आणि उरलेल्या तिघांना पुढं सरकवलं. प्रागपर्यंत. मग तिथंच ठेवून आत निघून गेले.

मी मनातून पोरीला सलाम ठोकला. दोन दिवसांनी भावजी आमच्याकडं आले, वहीशिवाय. म्हणाले, "तुझं पत्रक वाचून लोक तळ्याच्या काठावर जमतात. माझी पोरगी विमानात बसावी असं एक पत्रक लिहून दे." मी ताडकन नाही म्हणाले. विमानांबद्दल, शिट्टीबद्दल, गल्लीबद्दल, सगळं साठलेलं बोलून घेतलं. त्यांनी ऐकलं. मग हळूच म्हणाले, "ती नाही आली तर मी सगळंच रद्द करणार. तिघांनी जाऊन काय बघायचं? तिघं तर जूननंतर आहोतच."

पत्रक मी लिहिलं नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व. पण थोरलीला मी फिरायला घेऊन गेले आणि सांगितलं की नुसता बहिष्कार हा आळशी माणसाचा लढा आहे. काय हवं ते लिहून दे. तिनं लिहिलं. तिचं मराठी पाच ओळींत संपतं, म्हणून अर्धं कन्नड, पण बांधणी थेट माझी, शेवटी 'अन्यथा'सकट. गळ्यात कार्ड नाही. शिट्टी नाही. तालीम नाही. आणि व्हिएन्नात एक पूर्ण दिवस माझा एकटीचा. मी सुम्ने फिरेन. कुठं जाणार हे कोणी विचारायचं नाही, कारण मलाही माहीत नसेल. सुम्ने म्हणजे उगीच, काही कारण नसताना. भावजींच्या साऱ्या तक्त्यात ज्याला जागा नव्हती असा तो एकच शब्द.

वाटाघाटी तीन दिवस चालल्या. कार्ड गेलं, शिट्टी गेली, तालमी गेल्या. दिवसावर ते अडले. दुपारपर्यंत चालेल का? जेवायला तरी एकत्र? ती प्रत्येक वेळी एवढंच म्हणायची, "पूर्ण दिवस, अप्पा." तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी खोडरबर घेतला आणि व्हिएन्नाचा तो दिवस पुसला. नुसता तिचा नाही, चौघांचाही, कारण एकाच रंगाचं भोक त्यांना बघवेना. पोरगी पुढं झाली आणि तिनं त्यांच्या बोटांवरचा रबराचा चुरा फुंकून उडवला.

मी विजयाचा हिशोब मांडत घरी आले होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी भावजी दारात. बसले. म्हणाले की धाकटा त्या दिवशी झोपून राहणार म्हणतो, अक्का खिडकीत बसून कॉफी पिणार म्हणते.

"मी काय करू ग त्या दिवशी?"

कुठल्याही प्रश्नाखाली 'आमची मागणी' असा मथळा टाकून उत्तर लिहायची माझी सवय. या वेळी मागणी एकच निघाली. एवढंच म्हणाले की तिच्या मागोमाग जाऊ नका.

"छे छे. जाणार नाही. विचारणारही नाही." त्यांनी कपातली साखर उगीच ढवळली. "तिथं म्हणे पाऊस सांगून येत नाही. तिच्याजवळ छत्री असेल ना, अल्वा?"

"असेल," मी म्हणाले. पुराव्याशिवाय मी सहसा काही बोलत नाही.