पीटीच्या मैदानावरची हजेरी

रात्रभर पहाऱ्यावर उभं राहून खोत आणि मी सरळ पीटीच्या मैदानावर आलो होतो. बूट बदलण्यापुरता वेळ मिळाला, पाठ टेकण्यापुरता नाही. माझ्यापुढे खोत चक्क डोळे मिटून धावत होता. पुढच्याच्या बुटांच्या आवाजावर त्याचे पाय आपोआप पडत होते. माणूस असा थोडा थोडा झोपतो, हे मला फौजेत आल्यावर कळलं. आधी डोळे झोपतात, मग हात, मग घरच्यांची आठवण. पाय तेवढे सरकारी, त्यांना झोपायची परवानगी नाही.

धावणं संपलं आणि पीटी घेणाऱ्या उस्तादांनी हजेरी सुरू केली. खोतचं नाव घेतलं, तसा तो दचकून ओरडला, "थम, कौन आता है?"

पहाऱ्यावर अंधारातून येणाऱ्याला विचारायचा प्रश्न त्याने लख्ख उजेडात उस्तादांनाच विचारला. सगळी रांग हसली. उस्ताद मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "आज रात्री परत तुझाच पहारा आहे. तेव्हा विचार."

खोत हसला नाही. मीही नाही. पुढचं नाव माझं होतं, आणि ते ऐकल्यावर काय म्हणायचं असतं, ते मला आठवत नव्हतं.