साखरेच्या पाण्यातली उपासमार

प्रयोगशाळेच्या खिडकीत मी दोन चंबू ठेवले होते. दोन्हींत यीस्ट होते आणि साखरही सारखीच होती. दुसऱ्यात मात्र पोटॅशियम घातले नव्हते. सकाळी पहिला फेसाळलेला दिसला, दुसरा निश्चल.

"बाई, ह्यात साखर घालायला विसरलात जणू," चंबू धुणाऱ्या सखूमावशी म्हणाल्या.

"साखर आहे, मावशी. पोटॅशियम नाही. ते स्वतः अन्न नव्हे. पण त्याच्या सोबतीशिवाय साखर फोडणारे विकर नीट कामाला लागत नाही."

"म्हणजे भरल्या ताटावर उपाशीच की!"

त्या निश्चल पाण्यात मला माझ्या वडिलांचा, अण्णांचा, डबा दिसू लागला. आई गेल्यावर मी तो रोज पाठवीत असे. तो तसाच परत येई आणि दुसऱ्या दिवशी मी त्यात शिराही घालीत असे. "एकट्याला घास उतरत नाही गं," ते एकदा म्हणाले होते. मला तेव्हा तासाला जायचे होते. पुढे अण्णाही गेले.

मावशींनी धुण्यासाठी चंबू उचलला.

"राहू द्या," मी म्हणाले. पोटॅशियमचे चिमूटभर मीठ त्यात टाकले आणि एखादा तरी बुडबुडा येतो का, हे पाहत त्याच्यासमोर बसून राहिले.